ऐकणारा सोबती आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे मोठे माणूस

माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या मनात काही सलू लागले, तर ते घरी किंवा वर्गशिक्षकांना सांगण्याआधी बहुधा बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या कानावर जाते. समवयस्क साहाय्याची कल्पना याच अनुभवावर उभी आहे. थोडे प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याने आपल्या वयाच्या मुलांचे ऐकून घ्यावे, आरोग्याची प्राथमिक माहिती द्यावी आणि प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा वाटल्यास त्या मुलाला जबाबदार मोठ्या व्यक्तीपर्यंत पोचवावे, एवढेच तिच्यात अपेक्षित असते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ या वयोगटासाठी ‘साथिया’ नावाने गावोगावी असे सोबती निवडण्याची तरतूद केली, तर आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमाने २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमून वर्गाच्या मॉनिटरांना त्यांचे संदेशवाहक ठरवले.

मॉनिटरांची ही निवड सोयीची असली तरी विचार करायला लावणारी आहे. गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून ठेवणाऱ्या मुलाजवळ त्याच वर्गातला घाबरलेला मुलगा मन मोकळे करील, अशी अपेक्षा ठेवणे कठीण आहे. अमेरिकेतील ‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंग्थ’ या उपक्रमात म्हणूनच हुशार आणि शिस्तप्रिय मुलांवर न थांबता शाळेतल्या निरनिराळ्या कंपूंमधून, अगदी शिक्षकांशी खटके उडणाऱ्यांमधूनही, सोबती निवडले जातात. त्यांनी समुपदेशक व्हावे असे तेथे कोणी मानत नाही, तर विश्वासू मोठ्या माणसाकडे जाण्यात कमीपणा नाही हे वर्गात रुजवणे हेच त्यांचे काम असते. १८ माध्यमिक शाळांतील या उपक्रमाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अडचणीतल्या मुलांना मोठी माणसे मदत करतात हा विश्वास तेथील विद्यार्थ्यांमध्ये वाढल्याचे त्यांतून दिसले.

तथापि ते मोठे माणूस कोण, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ हा उपक्रम राबवला, ज्यात तक्रारी व अडचणी लिहून टाकण्याची पेटी, भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांच्या गटचर्चा आणि वैयक्तिक समुपदेशन हे सारे होते. काही शाळांत हे काम खास नेमलेल्या, व्यावसायिक पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकाकडे होते, तर काहींत तेच काम तेथील शिक्षकांकडे होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या शाळांतील वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत मात्र तसा फरक आढळला नाही. यात शिक्षकांची अनास्था शोधणे अन्यायाचे ठरेल, कारण वेळापत्रक, परीक्षा आणि शाळाबाह्य कामे यांच्या ओझ्याखाली पेटीतल्या चिठ्ठ्या वाचायला निवांत तासिका मिळणेच अवघड असते, शिवाय गुण देणाऱ्याच माणसापुढे दुबळेपणा कबूल करणे मुलांनाही जड जाते.

प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ गुपिताच्या प्रश्नाला द्यायला हवा. ‘कुणाला सांगणार नसशील तरच सांगते,’ असे मैत्रिणीने म्हटल्यावर होकार देणे स्वाभाविक असते, पण पुढे तिने जीव देण्याचा विचार किंवा घरातल्या कोणाचा नकोसा स्पर्श सांगितला, तर तो शब्द त्या दोघींनाही संकटात टाकतो. म्हणून ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावे लागेल, आपण दोघी मिळून जाऊ,’ हे वाक्य संभाषणाच्या सुरुवातीलाच म्हणण्याचा सराव मुलांकडून करून घ्यावा लागतो. शासनाची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तो क्रमांक प्रत्येक सोबत्याला पाठ असायला हवा.

ऐकणाऱ्या मुलावरही ताण येतोच, आणि याचा विचार योजनांच्या कागदांत फारसा दिसत नाही. आठवड्यातून एकदा समुपदेशकाने सर्व सोबत्यांना एकत्र बसवून त्यांच्या मनावर काय साचले आहे ते विचारणे आणि दहावीत गेलेल्यांना या कामातून मोकळे करून नववीतल्या मुलांना तयार करणे, ही व्यवस्था सोबती निवडण्याच्या आधीच शाळेने करून ठेवलेली असावी.