सुई टोचून देवी तपासणाऱ्यांसाठी

नवरात्र लागलं की परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही कट्ट्यावर बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अंगात येतं म्हणती ना? टोच मग सुई. वरडली तर ढोंगी." बोलणारा बहुधा शिकलेला असतो आणि आपण फार वैज्ञानिक काही बोललो अशा थाटात इकडेतिकडे बघतो. लगेच दुसरा त्याला अडवतो. "टोचली होती की, हालली पण नाही. आता बोल." मग दोघं तावातावाने भांडतात. दोघांची चूक मात्र एकच आहे. सुईने काहीतरी सिद्ध होतं, हे दोघांनीही धरूनच ठेवलेलं असतं.

सुईने काहीच सिद्ध होत नाही. वेदना मेंदूत घडते, आणि मेंदू दुसऱ्या कशात पुरता गुंतलेला असला की ती उशिरा जाणवते किंवा जाणवतच नाही. हेन्री बीचर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी केली आणि १९४६ साली ती छापली. बहुतेकांनी, विचारूनसुद्धा, वेदना थांबवणारं औषध नको म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या अंगात कुठली देवी आली नव्हती. तेव्हा बाई हालली नाही म्हणून देवी खरी ठरत नाही, आणि ओरडली म्हणून बाई खोटी ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की सुई टोचणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगाला इजा करताना काही वाटत नाही.

'देवी खरी, नाहीतर बाई नाटकी' हा दोनच पर्यायांचा हिशेब मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण खरं काय ते नेमकं या दोन्हींच्या मध्ये आहे. गोंधळात, आराध्यांच्या मेळ्यात किंवा मंगळवारी-शुक्रवारी भरणाऱ्या एखाद्या गादीवर काय घडतं ते आठवा. ऊद पेटलेला असतो, मळवट भरलेला असतो, संबळाची लय चढत जाते. एक बाई आधी जांभया देते, मग घुमायला लागते, केस सुटतात, हुंकार निघतो. घरचे पुढे होऊन हात जोडतात, "काय चुकलं माय, सांग." ती सांगते. थोड्या वेळाने कोणी अंगारा लावतं, पाणी देतं, आणि ती बाई थकून भिंतीला टेकते. आपण काय बोललो ते पुष्कळदा तिला नीट आठवत नाही.

या अवस्थेला मानसशास्त्रात डिसोसिएशन म्हणतात. आपलं भान, आठवण आणि 'मी हे करतोय' ही जाणीव एरवी एकत्र बांधलेली असते, ती काही काळ सुटी होते. बाई ठरवून अभिनय करत नसते आणि बाहेरून कोणी तिच्यात शिरलेलंही नसतं. घुमणं मात्र शिकलेलं असतं. आत्याला, आजीला, चुलतीला घुमताना लहानपणापासून बघितलेलं असतं, म्हणून कुठल्या देवीला कसा हुंकार, कुणाला हळद नि कुणाला लिंबू, हे अंगाला आधीच ठाऊक असतं. शिकलेलं म्हणजे खोटं, असं म्हणाल तर आपण बोलतो ती मराठीही खोटी म्हणावी लागेल.

मग हा आजार आहे का? इथे आमच्या विज्ञानवादी मित्राला धक्का बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'एफ ४४.३' या क्रमांकाखाली अशा अवस्थांचा विकार नोंदलेला आहे. पण त्याला अट आहे. अवस्था नकळत किंवा नकोशी असताना आलेली हवी, आणि धार्मिक किंवा समाजमान्य प्रसंगाबाहेर येऊन रोजच्या कामात अडथळा करणारी हवी. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीनेही ही मेख काढलेली नाही. म्हणजे नवरात्रात देवीपुढे घुमणारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस वेचायला जाणारी बाई डॉक्टरच्या पुस्तकात रोगी नाही. तीच बाई रोज, भर दुपारी, नको असताना, चुलीपुढे घुमायला लागली तर मात्र तिला मदत हवी आहे.

हा फरक आपल्या लोकांना पुस्तकाआधीपासून माहीत आहे. 'अंगात येणं' वेगळं आणि 'बाहेरचं लागणं' वेगळं, हे खेड्यातली कुठलीही म्हातारी सांगेल. पहिल्याला ओवाळतात, दुसऱ्याला उतरवतात. जॉन स्टॅनली या अभ्यासकाने महाराष्ट्रातल्या या दोन अवस्थांवर लिहिलेला लेख 'द एक्स्पीरियन्स ऑफ हिंदुइझम' या १९८८ च्या संग्रहात आहे. देव अंगात येणं आणि भूतबाधा यांत लोक किती काटेकोर भेद करतात, हाच त्याचा विषय. त्याच्या आदल्या वर्षी व्हिएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरावर लेख लिहिला. मराठवाड्यात महानुभाव पंथ घरोघरी ठाऊक असल्याने तो आपल्याला अधिक जवळचा वाटावा. त्यांना दिसलं ते असं, की घरातलं माणूस आजारी म्हणून मंदिरात राहायला आलेलं, पण घुमणारी बरेचदा सोबत आलेली आई किंवा बायको. कुटुंबावरचं दुखणं ती आपल्या अंगावर ओढून घेते. 'बायका लक्ष वेधून घ्यायला हे करतात' असं म्हणणाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा. अर्थात लक्ष मिळतंही. एरवी जिच्या शब्दाला घरात किंमत नाही तिच्यापुढे नवरा आणि सासू हात जोडून उभे राहतात, असा प्रसंग वर्षातून दुसरा कुठला येतो? त्यात नाटक शोधण्याआधी त्या घराकडे बघावं.

भाविकांनाही एक सांगायचं आहे, कारण आतापर्यंतचं वाचून त्यांना बरं वाटत असेल. अवस्था खरी आहे म्हणून तिच्यात बोललेला शब्द खरा ठरत नाही. झाड, म्हणजे जिच्या अंगात येतं ती व्यक्ती, जे सांगते ते तिच्या स्वतःच्या आणि गावाच्या माहितीतून, भीतीतून, रुसव्याफुगव्यांतून आलेलं असतं. त्यात शहाणपण असू शकतं. पण मुलीची सोयरीक, विहिरीची जागा आणि चोराचं नाव त्यावरून ठरवू नये. चोराचं नाव तर मुळीच नाही.

आता नवं खूळ. मोठ्या शहरांतून 'शमन साधना' नावाची शिबिरं निघाली आहेत, डोळे मिटून ढोल ऐका आणि आत्मिक उन्नती साधा. या प्रकाराचं मूळ सैबेरियातल्या एव्हेंकी वगैरे लोकांच्या विधींमध्ये सांगतात, पण शिबिरात मिळतं ते बरंचसं मायकल हार्नर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या पुस्तकातून मांडलेलं, कुठल्याही गावाशी, देवाशी, कुळाशी नातं नसलेलं रूप. तिथे हमखास सांगतात, की मिनिटाला दोनशेच्या वर ठोके पडले की मेंदू आपोआप समाधीत जातो. १९६० च्या सुमारास अँड्र्यू नेहर यांनी प्रयोगशाळेत तसं काही दाखवण्याचा प्रयत्न केला होता. फ्रेंच संगीत-अभ्यासक जिल्बेर रूझे यांनी १९८० साली ते खोडून काढलं. ठोक्यांनीच हे होत असतं तर अर्धी आफ्रिका बारा महिने घुमत राहिली असती, असा त्यांचा रोख होता. आपल्याला आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही. संबळाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? वाजवणारा गोंधळी. रात्रभर वाजवून तो भानावर असतो, वेळेवर लय चढवतो, वेळेवर उतरवतो, मध्येच विनोद करतो. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम आपल्या परभणीचे. संबळाने माणूस यंत्रासारखा घुमत असता तर गोंधळ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या वाजवताना घुमल्या असत्या. वाद्य वाट करून देतं. चालायचं कुणी, हे परंपरा आणि अपेक्षा ठरवतात.

आणि 'उन्नती'चं म्हणाल तर, आपल्याकडे अंगात येणं हे कधी स्वतःच्या प्रगतीचं साधन मानलंच गेलं नाही. झाड दुसऱ्यांसाठी बसतं, दुसऱ्यांचे प्रश्न घेतं. उन्नतीची वाट इथे वेगळी सांगितली गेली. गंगाखेडच्या जनाबाईला दळताकांडताना विठ्ठल भेटतो, त्यासाठी तिला घुमावं लागत नाही. पैठणच्या एकनाथांनी जोगवा, गोंधळ, वाघ्या, भूत हे सगळे भारुडांत आणले, पण रूपक म्हणून. प्रत्येकाच्या तोंडून विवेकाचं बोलणं वदवलं. शिबिरात फी भरून जे शोधायला लोक जातात, त्याबद्दल आपल्या संतांनी चारशे वर्षांपूर्वीच मत दिलेलं आहे.

दुसरा मोठा गैरसमज कायद्याचा. 'जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात येणं बंद झालं, आता देवीचं करायचं तरी कसं?' हे भाविक रागाने विचारतात आणि सुईवाले आनंदाने सांगतात. दोघांनीही कायदा वाचलेला नसतो. या कायद्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्यात काय लागू नाही याची वेगळी यादी आहे. वारी, कीर्तन, भजन, यात्रा, उपवास, नवस बोलणं, मोहरमची मिरवणूक, कडकलक्ष्मी आणि, होय, अंगात येणं हे सगळं त्या यादीत आहे. गुन्हा आहे तो वेगळ्या गोष्टींचा. अंगात संचार झाल्याचं भासवून लोकांना घाबरवणं आणि ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. अमकी बाई करणी करते असं सांगून तिच्यावर संशय उठवणं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र किंवा गंडेदोरे करणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही, की देवस्थानात राहून माणसं बरी होतात. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी छापली. औषध नसताना त्यांच्या लक्षणांत साधारण वीस टक्के घट दिसली. पण तिथे कुणाला मारत नव्हते, बांधत नव्हते. आपली माणसं सोबत, शांत जागा, हलकी कामं. त्याच राज्यात एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. त्यांनाही 'देवस्थानात' म्हणूनच ठेवलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुठल्याही प्रकारे साखळीत बांधायला मनाई केली आहे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालतो. दुआ थांबवायची नाही, गोळी सुरू करायची. मला हा मार्ग सुईपेक्षा शंभर पटींनी वैज्ञानिक वाटतो. शेवटी भगत पांदीपलीकडे राहतो आणि राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर नि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्यातला माणूस आधी कुणाकडे जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकतो.

'फक्त अडाणी बायकांच्याच अंगात येतं.' पोतराज, वाघ्या आणि मोहरमात सवारी धरणारे कोण असतात ते बघा.

'निखाऱ्यावरून चालतो म्हणजे शक्ती आहे.' लाकडी कोळसा आणि राख उष्णता सावकाश देतात, पाऊल क्षणभरच टेकतं. १९३५ साली इंग्लंडात कुदा बक्ष या काश्मिरी जादूगाराला मोजमापं घेत चालवून हे तपासलं गेलं होतं. थांबलात तर पाय भाजतो, मंत्र असो वा नसो.

'तळहातावर कापूर जळतो तरी भाजत नाही.' ज्योत वर असते, हात हलता ठेवला की झालं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले शाळेतल्या पोरांकडून करून घेतात.

'भगताने साप उतरवला.' तो साप बिनविषारी असेल, किंवा विषारी असून त्याने विष सोडलं नसेल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांनी खरोखर विष सोडलं असेल तर प्रतिविषाच्या सुईला पर्याय नाही. ही सुई मात्र जरूर टोचा.

'भानामती मराठवाड्यातच असते.' ताण, घुसमट आणि कोंडलेला संताप सगळीकडे असतो; आपल्याकडे त्याला हे नाव आहे. एका बाईला सुरू झालं की वाड्यातल्या चौघींना होतं, आणि मग गाव पाचवीला, बहुधा एकट्या राहणाऱ्या म्हातारीला, करणीवाली ठरवतं. अंगात येण्यावर ज्यांना त्वेषाने बोलायचं असतं त्यांनी इथे बोलावं. घुमणाऱ्या बाईकडून कुणाला धोका नसतो. तिच्या तोंडून नाव निघालेल्या बाईला असतो. अशा वेळी पोलीस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार म्हणून स्पष्ट सांगावं. या कायद्यात दक्षता अधिकारी नेमलेले असतात आणि ते किमान पोलीस निरीक्षक दर्जाचे असतात. आणि घुमणारीला नको असताना रोज रोज होत असेल, तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.