सरकारी नोकराची तक्रार : खाजगी की सार्वजनिक?

सरकारी कचेरीतील एखादा कारकून आपल्या वरिष्ठाविरुद्ध अर्ज करतो. वेतनवाढ अडवून ठेवली, रजा विनाकारण नामंजूर केली, बदली आकसाने झाली, किंवा चारचौघांत अपमान केला, असे काहीतरी त्यात लिहिलेले असते. अर्ज टपालात पडला की तो कागद कोणाचा होतो? लिहिणाऱ्याचा, ज्याच्याविरुद्ध लिहिला त्याचा, सरकारचा, की सरकारचा खर्च चालविणाऱ्या जनतेचा? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु गेल्या वीस वर्षांत आपल्या देशातील माहिती आयोग, उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालय या सर्वांना तो सोडवावा लागला आहे, आणि त्याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेले आहे. आपल्यापैकी बरेच विद्यार्थी उद्या स्पर्धा परीक्षा देऊन याच कचेऱ्यांत जाऊन बसणार असल्याने हा विषय येथे मांडावासा वाटला.

'तक्रार' हा शब्द मूळचा अरबी असून तिकडे त्याचा अर्थ 'पुनरावृत्ती' असा आहे. कन्नडमध्ये 'तकरारु' म्हणजे हरकत किंवा वाद, आणि तक्रारीला तेथे 'दूरु' म्हणतात. सरकारी नोकराला मात्र मूळ अरबी अर्थच अधिक लागू पडतो. एकच गोष्ट त्याला पाच टेबलांवर पाच वेळा सांगावी लागते.

प्रथम या कागदाचा प्रवास पाहू, कारण गुपित फुटते ते बहुधा कायद्याच्या कलमातून नव्हे, या प्रवासात. अर्ज आला की त्याची आवक नोंदवहीत नोंद होते. तारीख, अनुक्रमांक, पाठविणाऱ्याचे नाव आणि 'विषय' असे तिचे रकाने असतात. विषयाच्या रकान्यात कारकून जे चार शब्द लिहितो ते त्या वहीवर नजर टाकणाऱ्या प्रत्येकाला कळतात. पुढे टिप्पणी, साहेबांचा शेरा, आस्थापना शाखा, पुन्हा टिप्पणी. पाकिटावर 'गोपनीय' किंवा आपल्या राज्यात 'गौप्य' असा शिक्का मारला तरी पाकीट फोडून नोंद करणारा हात तोच असेल तर शिक्क्याचा उपयोग पाकिटापुरताच.

याहून मोठी अडचण 'योग्य मार्गाने' या दोन शब्दांत आहे. नोकराने आपले गाऱ्हाणे थेट वर न पाठवता लगतच्या वरिष्ठामार्फत पाठवावे असा सेवेतील दंडक आहे. शिस्तीच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. पण गाऱ्हाणे त्या लगतच्या वरिष्ठाविरुद्धच असेल तर? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच सहीने ती पुढे जायची! केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळावरही सरकारी नोकरांच्या सेवाविषयक तक्रारी घेतल्या जात नाहीत; खात्यातील सर्व मार्ग आधी संपलेले असावे लागतात. म्हणजे ज्या पायऱ्यांवर गुपित फुटण्याची भीती, त्याच पायऱ्या चढून जाणे भाग आहे.

कारखान्यातील कामगाराची स्थिती कागदावर तरी याहून बरी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४७ च्या ८१ व्या करारात, जो भारताने १९४९ मध्ये मान्य केला, असे कलम आहे की तक्रार कोणाकडून आली हे निरीक्षकाने पूर्णपणे गुप्त ठेवावे. इतकेच नव्हे, तर तक्रारीवरून आपण तपासणीस आलो हेही मालकाला कळू देऊ नये. प्रत्यक्षात हे कितपत पाळले जाते हा भाग निराळा. पण कचेरीतील कारकुनासाठी असा बाहेरचा निरीक्षकच नाही. त्याचा मालक आणि त्याच्या तक्रारीचा न्यायाधीश एकच.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या आणि सेवावर्तणूक नियमांच्या छायेत दीर्घकाळ सारेच बंद होते. इतके बंद, की नोकराविषयीचा कागद खुद्द नोकरालाही दिसत नसे. वार्षिक गोपनीय अहवालाचे उदाहरण घ्या. त्यात प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवायचा, बाकी नाही, अशी पद्धत होती. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याला बढतीसाठी सतत पाच वर्षे 'अतिउत्तम' शेरा हवा होता. एका वर्षी नुसते 'उत्तम' पडले. शब्द चांगला, म्हणून त्याला कळविला नाही, आणि त्याच चांगल्या शब्दाने त्याची बढती हुकली. हे प्रकरण, देव दत्त विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयात गेले. बरा असो वा वाईट, प्रत्येक शेरा नोकराला कळविलाच पाहिजे, असा निकाल २००८ मध्ये लागला. माझ्या मते या साऱ्या विषयातील हा सर्वांत न्याय्य निकाल होय. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आपल्यापासूनच लपविणे याला गोपनीयता म्हणता येत नाही.

दरम्यान २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. त्याच्या आठव्या कलमात अपवादांची यादी आहे. आपल्या विषयाशी संबंध येतो तो त्यातील 'जे' या उपखंडाचा. मूळ शब्दयोजना विचारपूर्वक केलेली होती. व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसेल, किंवा ती उघड केल्याने खाजगी जीवनावर अकारण आक्रमण होत असेल, तर ती नाकारता येईल. मात्र व्यापक सार्वजनिक हित असल्यास ती द्यावी. शिवाय जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नये, अशी पुस्ती जोडलेली होती. म्हणजे माहिती अधिकाऱ्याने तराजू हातात घेऊन तोलावे, अशी अपेक्षा होती.

या तराजूची कसोटी लागली ती अकोल्याच्या एका प्रकरणात. योगायोग असा की ते कामगार खात्याशीच निगडित होते. भविष्य निर्वाह निधीच्या तेथील उपप्रादेशिक कार्यालयात एक अंमलबजावणी अधिकारी होते. २००८ मध्ये एका नागरिकाने त्यांच्याविषयी अर्ज करून बरेच काही मागितले : नेमणुकीचा आदेश, पगार, त्यांना दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्ता, आयकराची विवरणपत्रे, आणि मुलाच्या लग्नात आलेल्या आहेराचा तपशीलसुद्धा! माहिती आयोगाने व उच्च न्यायालयाने यातील बहुतेक भाग देण्यास नकार दिला. गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त या नावाने ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी तेथेही नकारच कायम झाला. नोकराची कामगिरी, त्याचे मेमो व शिक्षा या गोष्टी मुख्यतः नोकर व मालक यांच्यातील असून त्या व्यक्तिगत माहितीत मोडतात. व्यापक सार्वजनिक हित दाखविल्याखेरीज त्या मिळणार नाहीत, असा त्याचा आशय होता.

निकाल छोटासा आहे. पण देशातील असंख्य माहिती अधिकाऱ्यांना तो नकाराचा तयार नमुनाच मिळाला. माझे त्याविषयी एक म्हणणे आहे. लग्नाचा आहेर आणि कारणे दाखवा नोटीस या दोन गोष्टी एका पंगतीत बसविणे योग्य झाले नाही. आहेर घरातला, नोटीस कचेरीतली, सरकारी कामातील कसुरीबद्दल दिलेली. पहिल्याची चौकशी कोणी करू नये हे मला पटते. दुसऱ्याविषयी तसे सरसकट म्हणता येईल काय? पुढे २०१९ मध्ये सरन्यायाधीशांच्या कार्यालयासंबंधीच्या प्रसिद्ध प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीय अहवाल व शिस्तभंगाची कारवाई यांना व्यक्तिगत माहितीच म्हटले, पण प्रत्येक प्रकरणी सार्वजनिक हित तोलून पाहावे यावरही तितकाच भर दिला. त्याआधी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरलेला होताच.

येथे तक्रार करणाऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. शिस्तभंगाच्या चौकशीत तक्रारदार हा पक्षकार नसतो, फार तर साक्षीदार. पक्ष दोनच : सरकार आणि आरोपी नोकर. म्हणून सहा महिन्यांनी त्याने "माझ्या अर्जाचे काय झाले?" असे विचारले, तर उत्तर येऊ शकते की ती त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती आहे. ज्या आडोशाने तक्रारदाराचे नाव झाकायचे, त्याच आडोशामागे ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली तो साहेबही सुखाने बसू शकतो. एका प्राध्यापक स्नेह्यांनी मला विचारले होते की मग हे कलम नेमके कोणासाठी आहे? मी त्यांना सांगितले, जो आधी त्याचा आधार घेईल त्याच्यासाठी.

कायद्यातील ताजा बदल यामुळेच काळजी वाढविणारा आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने 'जे' उपखंडातील तो सारा तराजू काढून टाकला असून आता तेथे नुसती 'व्यक्तिगत माहिती' एवढाच अपवाद उरला आहे. हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. संसदेची पुस्तीही गेली. आठव्या कलमाचे दुसरे उपकलम मात्र शिल्लक आहे : संरक्षिलेल्या हितापेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येईल. सरकारपक्ष म्हणतो की मग बिघडले कोठे? बिघडले ते असे, की पूर्वी तोलणे हा अपवादाच्या व्याख्येचाच भाग होता, आता ते वेगळ्या कलमात जाऊन पडले आहे. कामाच्या रगाड्यातील माहिती अधिकारी ते पान उलटून पाहीलच असे नाही. अर्जदारानेच त्याचे लक्ष तिकडे वेधावे लागेल.

गुप्तता आणि उघडपणा यांची सांगड घालता येतच नाही असे कोणी समजू नये. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे तक्रारीचा मजकूर, पीडितेचे, आरोपीचे व साक्षीदारांचे नावगाव, चौकशीतील कामकाज यांपैकी काहीही प्रसिद्ध करता येत नाही, आणि माहितीचा अधिकारही येथे चालत नाही. परंतु ओळख पटणार नाही अशा रीतीने, पीडितेला काय न्याय मिळाला हे सांगण्यास मुभा आहे. वर्षाकाठी किती तक्रारी आल्या व किती निकालात निघाल्या याचा अहवालही द्यावा लागतो. तक्रारीचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना मिळतात. माणूस झाकायचा आणि काम दाखवायचे, ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. सर्वसाधारण सेवाविषयक तक्रारींना ती का लावू नये, याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी अशा खटल्यांत पक्षकारांची नावे आदेशात येऊ नयेत म्हणून मार्गदर्शक सूचनाही दिल्या. बाकीच्या सेवाविषयक दाव्यांत मात्र न्यायाधिकरणाच्या दारात गेले की नावगावासह सर्व काही उघड होते. कर्नाटक प्रशासकीय न्यायाधिकरणाचे पीठ बेळगावातही आहे. तेथील आदेश कोणालाही वाचता येतात.

नाव फुटण्याची किंमत काय असू शकते? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळी घालून खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटारूंचा गुन्हा ठरविला व २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. खुनाचे कारण काहीही असो, गुप्त ठेवा म्हणून विनविलेले नाव टिप्पण्यांतून फिरले यात वाद नाही. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात, पाकिटावर स्वतःचे नाव न लिहिता, पाठविण्याची सोय केली. याविषयीचा स्वतंत्र कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अंमलात आणलेलाच नाही.

राहता राहिले व्यवहाराचे दोन शब्द. तुमच्याविषयीची माहिती दुसऱ्या कोणी मागितली आणि ती तुम्ही गोपनीय म्हणून दिलेली असेल, तर अकराव्या कलमाप्रमाणे माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत तुम्हाला लेखी कळवावे लागते. तुमचे म्हणणे मांडण्यास दहा दिवस मिळतात आणि अशा प्रकरणी निर्णयाची मुदत तीसऐवजी चाळीस दिवसांची असते. ही नोटीस आली तर स्वस्थ बसू नये, कारण न बोलणाऱ्याची हरकत नोंदली जात नाही. उलट तुम्हीच माहिती मागत असाल, तर दहाव्या कलमाचा उल्लेख करून नावे खोडून उरलेला कागद द्यावा असे अर्जातच लिहावे, आणि आठव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाखाली सार्वजनिक हित कोणते ते दोन ओळींत सांगावे. नकार आल्यास पहिले अपील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, आणि दुसरे नव्वद दिवसांत आयोगाकडे.