न दुखणाऱ्या पावलांची चिंता

सन २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा डोळ्यांसमोर ठेवून नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे घाट, रस्ते, पूल आणि पाणीपुरवठा यांचे आराखडे आखले गेले आहेत. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातील प्रमुख स्नानांना केवढा जनसमुदाय लोटेल याचे अंदाज बांधले जात आहेत. गर्दीचा विचार होतो, साथीच्या रोगांचा होतो, आणि तो झालाच पाहिजे. परंतु ज्या पायांनी हे भाविक रामकुंडाच्या पायऱ्या उतरणार आहेत, त्या पायांचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. मधुमेहाने आपल्या देशात जी मजल गाठली आहे ती पाहता हा विषय आता किरकोळ राहिलेला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे नऊ जणांमागे एक असे पडते. मधुमेह म्हटला की सामान्यतः साखर, गोळ्या, इन्सुलिन आणि पथ्य एवढेच आपल्याला आठवते. फार तर डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांची काळजी वाटते. पाय या यादीत सर्वांत शेवटी येतो. वस्तुतः मधुमेही माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायावर चिघळणारा व्रण होण्याचा संभव १९ ते ३४ टक्के इतका असल्याचे तज्ज्ञ सांगतात. ज्यांचा पाय कापावा लागतो अशा मधुमेहींपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांच्या बाबतीत आरंभ एका साध्या व्रणापासून झालेला असतो. याचा सरळ अर्थ असा, की व्रण टाळता आला, किंवा तो वेळीच भरून आणता आला, तर पाय कापण्याचे बहुतेक प्रसंग टळू शकतात.

वेदना हीच राखण

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू दुबळे होतात, आणि ज्यांची लांबी सर्वाधिक ते, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू, आधी निकामी होतात. प्रथम मुंग्या येतात, तळवे जळजळतात, नंतर बधिरता येते. घाम येईनासा होऊन कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा जातात. पावलातील लहान स्नायू शिथिल होऊन बोटे वाकडी होतात आणि शरीराचा भार भलत्याच ठिकाणी पडू लागतो. तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम तयार होते. याच सुमारास पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद होत असतात. त्यात तंबाखूची भर पडली तर काही विचारायलाच नको. ज्या जिल्ह्यातील सिन्नरचे नाव विडीसाठी सर्वदूर गेले, त्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको.

या साऱ्या प्रकारातील फसवी गोष्ट अशी, की रुग्णाला काही दुखत नाही. पायातून चप्पल निसटून मागे राहते आणि हा माणूस चार पावले पुढे गेलेला असतो. बाभळीचा काटा मोडून आत राहतो, बुटात खडा शिरतो, तापलेल्या फरशीवर तळवा भाजतो. पण मेंदूकडे वर्दी जात नाही. दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही, आणि जातो तेव्हा दुर्गंधीमुळे घरच्यांनी त्याला आणलेले असते.

वेदनेचे हे मोल जगाला समजावून सांगण्याचे मोठे काम भारतातच झाले. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करीत होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात, ही तेव्हाची सार्वत्रिक समजूत. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बोटांचा नाश मुख्यतः संवेदना गेल्यामुळे वारंवार होणाऱ्या आणि ध्यानात न येणाऱ्या इजांनी होतो. जखमी पायावरचा भार प्लास्टरने हलका केला, मऊ रबराची पादत्राणे दिली, की वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमाही भरून येत. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगात आणले गेले. ज्या महाराष्ट्राने आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन उभे केले, त्याला बधिर पायाची ओळख नवी नाही. मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल कुष्ठरुग्णाला दिली पाहिजे हे आपण कधीच मान्य केले आहे. तसाच बधिर पाय असलेल्या मधुमेह्याला मात्र ती मिळावी असे आपल्याला सुचलेले नाही.

सुश्रुताची दोन मते

मधुमेहाचा आणि पायांचा संबंध आपल्या प्राचीन वैद्यकाने ओळखला होता. मधुमेहींना शरीराच्या खालच्या भागात पुळ्या व गळवे होतात, असे निरीक्षण सुश्रुतसंहितेत आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात निर्धन आणि निराधार प्रमेही रुग्णाला एक विलक्षण सल्ला दिलेला आहे: त्याने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षान्न खात, एका गावी एकच रात्र राहत, मुनीप्रमाणे शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. मिताहार आणि भरपूर चालणे हा त्यातील गाभा आजही तंतोतंत खरा आहे. अनवाणी चालण्याचा भाग मात्र आजच्या ज्ञानाला पटणारा नाही. गंमत अशी की याच चिकित्सास्थानात पुढे दिनचर्येच्या प्रकरणात पादत्राणांची थोरवी सांगितली असून सदैव अनवाणी फिरणे आरोग्याला, आयुष्याला आणि डोळ्यांना घातक ठरते असे बजावले आहे. तेव्हा अनवाणी चालण्यासाठी परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी तीच परंपरा पूर्ण वाचलेली बरी.

हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की नाशिक जिल्हा हा अनवाणी व्रतांचा जिल्हा आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. पाऊस, चिखल आणि अणकुचीदार खडी यांतून हजारो लोक रात्रभर चालतात. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे खानदेशातून माणसांची रीघ लागते आणि डांबर वितळावे असे ऊन असते. नवरात्रात नऊ दिवस चप्पल सोडणारे स्त्री-पुरुष तर शहरातही गल्लोगल्ली दिसतात. श्रद्धेची टिंगल करण्याचा येथे हेतू नाही. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याने हे कष्ट आनंदाने सोसावेत. परंतु कष्ट सोसण्यासाठी आधी ते जाणवावे लागतात. ज्याच्या तळव्याला जाणीवच उरलेली नाही, त्याच्या अनवाणी चालण्यात तप कुठले? तेथे नकळत होणारी इजा तेवढी उरते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणारे असंख्य वारकरी पायांत चपला घालून चालतात. त्यामुळे त्यांची वारी उणी ठरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनकारांनी आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी हे चार लोकांत बोलून दाखविले, तर डॉक्टरांच्या शंभर भाषणांनी होणार नाही ते काम होईल. मधुमेही भाविकांना स्वच्छ जाड पायमोजे घालून दर्शन घेऊ द्यावे, भर उन्हात दर्शनरांगेत ओली तागाची पट्टी अंथरावी, एवढे तर कोणत्याही देवस्थानाला सहज जमेल.

घरातली पाच मिनिटे

पायांची निगा हा खर्चाचा विषय नाही, नियमाचा आहे. मधुमेह्याने रोज रात्री उजेडात दोन्ही पाय पाहावेत: तळवे, टाचा आणि विशेषतः बोटांच्या बेचक्या. ज्यांना वाकवत नाही त्यांनी जमिनीवर आरसा ठेवावा, अथवा नातवंडाला पाहायला सांगावे. वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या आपल्या समाजाने त्या पायांकडे नीट पाहावे, ही काही मोठी अपेक्षा नव्हे. पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. पाणी किती गरम आहे ते पायाने न अजमावता कोपराने अजमावावे. टाचांना खोबरेल तेल लावावे, पण बेचक्यांत लावू नये. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भातलावणीच्या दिवसांत चिखल्या होतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. जोडवी रुतत असतील तर ती काढून ठेवण्यात काहीही अशुभ नाही.

काही गोष्टी कटाक्षाने टाळल्या पाहिजेत. भोवरी किंवा कुरूप घरी पात्याने कापणे, त्यावर आम्लाची पट्टी चिकटविणे, भेगांना अथवा काट्याला बिब्ब्याचा चटका देणे, हे बधिर पायाला जीवघेणे ठरू शकते. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत शेकोटीशी पाय लांब करून बसण्याचा मोह होतो. मधुमेह्याने तो आवरावा आणि लोकरी मोजे घालावेत. घरातही अनवाणी वावरू नये. त्यासाठी चपलांचा स्वच्छ जोड निराळा ठेवावा. बाहेरचा जोडा मऊ तळाचा, पुढे रुंद आणि मागे पट्टा असलेला हवा. तो संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना विकत घ्यावा, आणि पायात घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून खडा, खिळा आहे का ते पाहावे.

बधिरता ओळखण्याची एक सोपी परीक्षा इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी रूढ केली आहे. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. तसेच पाय एकाएकी सुजून लाल आणि गरम झाला, पण फारसा दुखत नसेल, तर तो लचकला असे समजून चोळत बसू नये; बधिर पायातील हाडे मोडत असल्याची ती खूण असू शकते. कोणताही व्रण दिसला की त्याच दिवशी दाखवावा आणि त्या पायावर भार देणे थांबवावे. मलमपट्टी करून त्याच पायावर चालत राहणे म्हणजे जखम रोज नव्याने करण्यासारखे आहे.

शासनाने आणि डॉक्टरांनी

रुग्णाला एवढा उपदेश केल्यावर व्यवस्थेलाही चार शब्द ऐकविणे भाग आहे. किती दवाखान्यांत मधुमेह्याला जोडे काढून पाय दाखवायला सांगतात? साखरेचा आकडा पाहून चिठ्ठी लिहिली जाते आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. डॉक्टरांसमोर पाय वर करायला आपली माणसे संकोचतात, म्हणून विचारण्याची जबाबदारी डॉक्टरांवर अधिक आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा दंडक स्पष्ट आहे: पाय निरोगी असला तरी वर्षातून एकदा तपासावा, बधिरता आली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, जोडीला व्यंग किंवा रक्तपुरवठ्याची तक्रार असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी व्रण होऊन गेला असेल तर एक ते तीन महिन्यांनी. भरलेला व्रण वर्षाच्या आत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के असल्याने ही शेवटची तपासणी चुकविणे परवडणारे नाही.

पाय वाचविणे अशक्य नाही. १९८९ साली इटलीत सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातील आरोग्य खात्यांच्या व रुग्णसंघटनांच्या प्रतिनिधींनी, मधुमेहामुळे पाय कापण्याचे प्रमाण पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला होता. तो सर्वत्र सिद्धीस गेला नाही. परंतु जेथे पायांसाठी स्वतंत्र चिकित्सालये नेटाने चालविली गेली, तेथे हे प्रमाण घटल्याचे दिसून आले. आपल्याकडे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी परदेशी सहकाऱ्यांसह लहान गावांतील डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना या कामाचे शिक्षण देण्याचा उपक्रम राबविला. त्याचा धडा असा, की यासाठी आधी मोठी रुग्णालये लागत नाहीत; शिकलेले हात लागतात.

असे हात तयार करणारे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या यांपैकी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी मधुमेह्याचा पाय स्वतः तपासल्याखेरीज पदवीधर होता कामा नये, असे या विद्यापीठाने ठरविले तर त्याचे पडसाद राज्यभर उमटतील. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेहासाठी तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि आशा सेविका त्यासाठी घरोघर जातात. त्यांना सहा बोटांना स्पर्श करण्याची परीक्षा शिकविण्यास एक दुपार पुरेशी आहे. पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेला जी शासकीय योजना पैसा पुरविते, तिने तो पाय वाचविणाऱ्या चपलेलाही पुरविला पाहिजे. शेतमजुराचा पाय गेला म्हणजे घराची मजुरी गेली, आणि पुढे दुसऱ्या पायाचीही धास्ती लागली. हा हिशेब अर्थखात्याला समजण्यासारखा आहे.

सिंहस्थात उभारल्या जाणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय तंबूत एक बाक पाय तपासण्यासाठी राखून ठेवावे, आणि बधिर पायाच्या भाविकाला तेथेच मऊ तळाची चप्पल मिळावी. मेळ्याच्या एकूण खर्चात या चपलांचा खर्च नजरेतही भरणार नाही. मेळा संपल्यावर ती बाके तशीच प्राथमिक आरोग्य केंद्रांत हलविली, तर या सिंहस्थाने नाशिक जिल्ह्याला एक कायमची सोय करून दिली असे म्हणता येईल.