टन आणि उतारा : एका रसायनशास्त्रज्ञाच्या कामाचा हिशोब



लागणीच्या नोंदी घेत फिरताना आमच्या एका सभासदांनी आम्हाला बांधावरच थांबवून घेतले. त्यांची थोरली मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून तिला बंगळूरला संशोधनासाठी जागा मिळाली आहे. "साहेब, पाच वर्षं पोरगी तिथं काय करणार? म्हणे पेपर लिहायचे. शिकून झाल्यावर परत पेपर कसले? आणि ते वाचणार कोण?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळी खत-पाण्याची माहिती बाजूला ठेवून एका माणसाविषयी लिहीत आहोत.

१६ नोव्हेंबर २०१३ हा दिवस सर्वांना आठवत असेल. सचिन तेंडुलकर वानखेडेवर शेवटचा कसोटी सामना खेळून परतला आणि त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झाले. त्या दिवशी आणखी एक नाव जाहीर झाले होते, ते मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिले. ते नाव प्रा. सी. एन. आर. राव यांचे.

रावसाहेबांचा जन्म १९३४ सालचा, बंगळूरचा. बनारसला एम.एस्सी. केली, अमेरिकेतील परड्यू विद्यापीठातून १९५८ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि दुसऱ्याच वर्षी ते मायदेशी परतले. पुढे कानपूरचे आय.आय.टी., मग १९७६ पासून पुन्हा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. विषय घनपदार्थांचे रसायनशास्त्र. निरनिराळ्या धातूंच्या संयुगांच्या भुकट्या खलात घोटायच्या, भट्टीत भाजायच्या आणि तयार झालेल्या पदार्थात अणू कसे बसले आहेत, त्यामुळे त्याच्या अंगी कोणते गुण आले, हे तपासायचे. कुंभाराचेच काम म्हणा, फक्त फार बारीक नजरेचे.

आता पेपर म्हणजे काय? जे सापडले ते पुराव्यासह छापून जगापुढे ठेवणे. दुसरा कोणी त्यावर पुढचे काम करतो, तेव्हा आपल्या लेखात पहिल्याचा दाखला देतो. आपल्या भाषेत पेपर म्हणजे टन आणि दाखले म्हणजे उतारा. नुसता काटा फुगवून भागत नाही, रसात साखर किती हे पाहावे लागते. भारतरत्न जाहीर झाले तेव्हा रावसाहेबांचे सुमारे १४०० शोधनिबंध आणि ४५ पुस्तके सांगितली गेली. हे झाले टन.

उताऱ्यासाठी शास्त्रज्ञ 'एच-निर्देशांक' लावतात. समजा, एका गटात ४० सभासद असे आहेत की प्रत्येकाने एकरी ४० टन किंवा जास्त ऊस काढला, पण ४१ टन गाठणारे ४१ जण काही भरत नाहीत. मग त्या गटाचा आकडा ४०. एकट्याने १०० टन काढले तरी आकडा हलत नाही. २०१३ साली रावसाहेबांचा हा आकडा १०० झाला. म्हणजे १०० निबंध असे, की प्रत्येकाला निदान १०० दाखले. सचिनची शंभर शतके आपण मोजली, हे शतक मोजायचे राहून गेले.

पण हा आकडा एका रात्रीत आला नाही. १९८६ साली झुरिचजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडचा एक पदार्थ सापडला. थंड केल्यावर त्यातून वीज विनाअडथळा वाहते. तशा ऑक्साइडांवर बंगळूरला आधीच वर्षानुवर्षे काम चालू होते. रान नांगरून तयार असल्यासारखेच! १९८७ मध्ये इट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या मिश्रणात हा गुण नेमका कोणत्या घटकात आहे, हे रावसाहेबांच्या गटाने ओळखून 'नेचर'मध्ये छापले. या पदार्थाला फार मोठी थंडी लागत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रवनत्राच्या टाकीत ठेवतात, तेवढी पुरते.

दाखल्यांचा काटाही डोळे झाकून मानू नये. इतरांचे काम एकत्र मांडणाऱ्या आढाव्याला दाखले जास्त मिळतात. रस्त्याकडेच्या प्लॉटला पाहुणे जास्त, तसेच ते. रावसाहेबांचा ग्राफीनवरचा २००९ चा लेख असाच आढावा आहे आणि त्याला दाखले भरपूर आहेत. शिवाय १४०० निबंध एकट्याच्या हातचे नव्हेत, त्यांत अनेक विद्यार्थ्यांचा घाम आहे. २०११ साली त्यांच्या गटाच्या एका निबंधात दुसऱ्यांच्या लेखातली वाक्ये तशीच आल्याचे आढळले आणि लेखकांना त्या नियतकालिकात जाहीर माफी मागावी लागली. मोळीत पाचट गेले की उतारा बसतो, मग शेतकरी कितीही नावाजलेला असो.

हे सारे आम्ही त्या सभासदांना सांगितले. पोरीला असाच मोठा आकडा मिळेल, अशी हमी मात्र दिली नाही, कारण ती कोणालाच देता येत नाही. इतकेच म्हटले, की तिने एक काम असे करावे, ज्याच्यावर दुसऱ्या कोणाला पुढची ओळ लिहिता येईल.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आडसालीला दीड वर्ष थांबतोच की आपण. हिला पाच थांबू." आणि लागणीची तारीख सांगायला लागले.

ती तारीख आम्ही नोंदवून घेतली. ज्यांच्या नोंदी राहिल्या असतील त्यांनीही गट ऑफिसात येऊन त्या कराव्यात. नोंद नसेल तर कितीही चांगल्या उसाचा दाखला कोणी देणार नाही.