पाण्याची निगा (भाग ६) : टबातल्या गरम पाण्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाविषयी लिहिलं होतं. तो भाग वाचून कुणाला वाटेल, की घरचा स्पा किंवा जकुझी म्हणजे तोच तलाव, फक्त छोटा. तेव्हा औषधही त्या प्रमाणात कमी टाकलं की झालं. लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांत असे टब आता सर्रास दिसतात आणि त्यांची देखभाल बहुधा तलावाचं काम बघणाऱ्या माणसाकडेच असते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो : टबाचं पाणी तलावापेक्षा कितीतरी पटींनी अवघड असतं.

दीड हजार लिटरच्या टबात चार माणसं बसली, की माणशी ३७५ लिटर पाणी वाट्याला येतं. सोसायटीच्या तीन लाख लिटरच्या तलावात एवढीच दाटी व्हायची, तर एकाच वेळी ८०० माणसं उतरावी लागतील. घाम, त्वचेवरचं तेल, लावलेलं क्रीम, सगळं त्या थोड्याशा पाण्यात उतरतं. त्यात पाणी ३८ ते ४० अंशांचं. या तापमानाला क्लोरीन भराभर संपतो आणि जंतू मात्र खुशाल वाढतात. वज्रेश्वरीच्या कुंडात झऱ्याचं नवं पाणी सतत येत असतं. टबात तेच पाणी पंपातून आणि नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरतं.

यातला धोका किती खरा आहे, हे एका घटनेवरून कळतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथेच विक्रीसाठी मांडलेला एक टब चालू ठेवला होता. त्याच्या बुडबुड्यांतून उडालेल्या सूक्ष्म तुषारांबरोबर लेजिओनेला हा जंतू हवेत पसरला. आजारी पडले ते टबात उतरलेले नव्हते, प्रदर्शन बघत फिरणारे लोक होते. त्यांच्यातले किमान ३२ जण न्यूमोनियाने दगावले. अंगावर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास हा टबातला दुसरा नेहमीचा जंतू. तो नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात दडून बसतो. त्या थरापर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही, आणि वर पाणी काचेसारखं नितळ दिसत राहतं. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून उतरायला हरकत नाही, हा समज म्हणूनच मला सगळ्यात घातक वाटतो.

आता औषधाकडे वळू. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने टबासाठी मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम, ठेवायला सांगितलं आहे. ब्रोमीन वापरत असाल, तर किमान ४. आपल्या नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत ०.२ पीपीएम क्लोरीन उरला तरी तो पुरेसा धरतात, यावरून फरक लक्षात यावा.

पण आकडा गाठला म्हणजे काम झालं, असं नाही. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतं. दुसरा हायपोक्लोराइट आयन. त्याच्यावर विद्युतभार असल्यामुळे त्याला आत शिरणं जड जातं आणि जंतू मारायला तो कित्येक पटींनी दुबळा पडतो. कोणतं रूप किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. पीएच ७.२ असेल, तर साधारण दोनतृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा. ८ ला जेमतेम पाव. म्हणजे तपासणीत ३ पीपीएम दिसतंय, पण पीएच ८ वर गेलाय, तर पाण्याचं रक्षण करणारा भाग पाऊण पीपीएमच्या आसपास. लोक इथे आणखी क्लोरीन ओततात. आधी पीएच खाली आणला पाहिजे.

टबाचा पीएच वर चढण्याचं मुख्य कारण म्हणजे बुडबुडे. हवेच्या झोताने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप वाढतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये राखायचा. उतरवायला सोडियम बायसल्फेटची भुकटी थोडी थोडी टाकतात. उलट पीएच सारखा वरखाली होत असेल, तर पाण्याची अल्कता कमी आहे असं समजावं. त्यावर घरातला खाण्याचा सोडा चालतो : दीड हजार लिटरला २५ ग्रॅम सोड्याने अल्कता साधारण १० पीपीएमने वाढते. ८० ते १२० पीपीएम ठीक. आधी अल्कता, मग पीएच, मग क्लोरीन, हा क्रम मोडू नये.

क्लोरीनसाठी बाजारात एसडीआयसीचे दाणे मिळतात. ५६ टक्के क्लोरीनचे दाणे असतील, तर आपल्या टबाला ३ पीपीएमसाठी सुमारे ८ ग्रॅम पुरतात. मात्र त्यांच्यासोबत सायन्युरिक आम्लही पाण्यात जातं आणि ते साठत राहतं. उघड्यावरच्या तलावात ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. छपराखालच्या टबात त्याचा उपयोग काही नाही, उलट ते क्लोरीनची धार बोथट करतं. मी तरी टबाला द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटच सुचवीन, आणि तेही ताजं, कारण ठेवून ठेवून त्याचा जोर ओसरतो. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर इथे नको. तिच्यातल्या चुन्याने पाणी गढूळ होतं आणि हीटरवर थर बसतो. बोअरचं पाणी आधीच जड असलं, तर हे विशेष जपावं.

मोजायचं कसं? गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पण त्या पिवळेपणात घामाशी संयोग होऊन थकलेला क्लोरीनही धरला जातो. नाकाला झोंबणारा वास त्या थकलेल्या क्लोरीनचाच; म्हणजे तो वास आला, तर औषध जास्त झालंय असं नव्हे, बहुधा कमी पडलंय. टबाला डीपीडीची गोळी घ्यावी. काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी, त्यात पहिल्या क्रमांकाची गोळी चुरडली, की मुक्त क्लोरीनच्या प्रमाणात गुलाबी रंग येतो. एक खाचखळगा आहे : क्लोरीन फारच जास्त असला, तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नळी कोरी दिसते. क्लोरीन शून्य समजून कुणी आणखी ओतलं, तर उतरणाऱ्याचे डोळे आणि कातडी भाजून निघेल. शंका आली, तर तेच पाणी साध्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा बघावं.

रसायनं हाताळताना दोन गोष्टींत तडजोड नको. औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी कधीच ओतायचं नाही. आणि दोन प्रकारची क्लोरीन पावडर एकाच डब्यात, एकाच चमच्याने, कधीही नाही. त्याने आग लागते, स्फोटही होतो. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले, की विषारी वायू निघतो. दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत.

इतकं करूनही साबण, क्षार आणि सायन्युरिक आम्ल साठतच जातात. त्यावर औषध नाही, पाणीच बदलावं लागतं. किती दिवसांनी? लिटरला अकराने भागावं आणि आलेल्या उत्तराला रोज उतरणाऱ्या माणसांच्या संख्येने भागावं. आपल्या टबात रोज दोघं बसत असतील, तर ६८ दिवस. शनिवार-रविवारी पाहुण्यांची वर्दळ असलेल्या बंगल्यावर याहून पुष्कळ आधी. रिकामा करण्याआधी नळ्या धुण्याचं औषध टाकून पंप चालवावा, म्हणजे आतला बुळबुळीत थर सुटून येतो. ते पाणी झाडांना घालू नये, सांडपाण्यातच सोडावं.

(पुढील भागात : फिल्टरचं काडतूस कधी धुवायचं, कधी फेकायचं.)