घरगुती श्रवणासाठी एकल स्पीकर : सामर्थ्य आणि मर्यादा

बीजसंज्ञा : एकल स्पीकर, वारंवारता, तरंगलांबी, क्रॉसओव्हर, घुमारा, उच्चारशिक्षण

प्रस्तावना

आजच्या काळात ध्वनी ऐकण्याची साधने घरोघरी पोहोचली आहेत. रेडिओ आणि टेपरेकॉर्डरपासून तळहातावर मावणाऱ्या ब्लूटूथ संचापर्यंत हा प्रवास झाला आहे. तथापि 'किती स्पीकर असलेला संच घ्यावा?' या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जाहिरात पाहून ठरविले जाते. जितके स्पीकर अधिक तितका आवाज उत्तम, असा समज सर्वत्र रूढ आहे. याउलट काही रसिक एकल स्पीकरलाच सर्वश्रेष्ठ मानतात. या दोन्ही मतांत सत्याचा केवळ अंश आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले आहे. या परिसरात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषाही बोलल्या जातात. ज्या विद्यार्थ्याच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्याच्यासाठी ध्वनिमुद्रित पाठ हे प्रमाण उच्चार शिकण्याचे एक महत्त्वाचे साधन आहे. तो पाठ कोणत्या स्पीकरवर आणि कसा ऐकला जातो, यावर त्याच्या कानी काय पडते हे अवलंबून असते. या दृष्टीने एकल स्पीकरचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एकल स्पीकर : स्वरूप व पार्श्वभूमी

चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवून त्यातून विद्युतप्रवाह सोडला की वेटोळे मागेपुढे हालते. त्याला जोडलेला कागदी शंकू हवा ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतील चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या पद्धतीच्या स्पीकरचे शास्त्रशुद्ध विवेचन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

मानवी कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू शकतो. २० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटर, तर २०,००० हर्ट्झची दोन सेंटिमीटरहूनही कमी असते. एवढा मोठा पल्ला एकाच शंकूने पेलावा, ही एकल स्पीकरकडून असलेली अपेक्षा होय. बहुस्पीकर संचात हे काम विभागले जाते. खालचे स्वर वूफरकडे, वरचे ट्विटरकडे जातात आणि ही वाटणी 'क्रॉसओव्हर' नावाचे विद्युतमंडल करते.

महाराष्ट्राच्या श्रवणसंस्कृतीचा मोठा काळ एकल स्पीकरवरच घडला. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची ५६ गीते दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झाली. त्या काळच्या घरगुती रेडिओसंचांत सामान्यतः एकच स्पीकर असे. तरीही शब्द न् शब्द श्रोत्यांच्या मनावर कोरला गेला. याचे एक कारण तांत्रिक आहे. मध्यम लहरींच्या प्रसारणात सुमारे साडेचार हजार हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी व्यवस्थित पोहोचतो. जे मुळात प्रसारितच होत नव्हते, ते उमटविण्यासाठी दुसऱ्या स्पीकरची गरज नव्हती. साधन आणि आशय यांची ती योग्य सांगड होती.

एकल स्पीकरचे सामर्थ्य

पहिले सामर्थ्य म्हणजे ध्वनीचा उगम एकच असणे. मानवी कान २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो आणि बहुतेक द्विस्पीकर संचांची वाटणी नेमकी २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास केलेली असते. २,५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १४ सेंटिमीटर आहे. श्रोत्यापासून वूफर आणि ट्विटर यांच्या अंतरांत ७ सेंटिमीटरचा फरक पडला, तर दोहोंचे तरंग परस्परांना क्षीण करू शकतात. कुशल रचनाकार हा दोष आटोक्यात ठेवतात. परंतु स्वस्त संचात आणि जवळून ऐकताना तो जाणवतो. एकल स्पीकरमध्ये असा सांधाच नसल्यामुळे गायकाचा आवाज अखंड व सहज वाटतो.

दुसरे सामर्थ्य साधेपणाचे. क्रॉसओव्हर नसल्यामुळे खर्च वाचतो, बिघाडाच्या जागा कमी होतात आणि अल्प शक्तीच्या ॲम्प्लिफायरवरही काम भागते. मर्यादित खर्चात एक चांगला स्पीकर घेणे हे तीन निकृष्ट स्पीकर घेण्यापेक्षा हितकारक ठरते.

एकल स्पीकरच्या मर्यादा

पहिली मर्यादा खालच्या स्वरांची आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हालावे लागते. लहान शंकूची तेवढी झेप नसते. शिवाय तोच शंकू खालच्या स्वरासाठी मोठे हेलकावे घेत असताना वरचे स्वरही काढीत असतो. परिणामी आवाज वाढविला की गाणे गढूळ होते.

दुसरी मर्यादा ध्वनीच्या प्रसाराची आहे. तरंगलांबी शंकूच्या आकाराहून लहान होऊ लागली की ध्वनी सर्वत्र न पसरता विजेरीच्या झोताप्रमाणे समोरच जातो. ५,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर असते. त्यामुळे २० सेंटिमीटर व्यासाच्या शंकूतून तो फक्त समोरच्या श्रोत्यास स्पष्ट मिळतो. मोठा शंकू घ्यावा तर झोत अरुंद होतो आणि लहान घ्यावा तर खालचे स्वर हरवतात. ही कोंडी मूलभूत आहे. इंग्लंडमधील पॉल व्हॉइट यांनी १९३० च्या दशकात मुख्य शंकूच्या मध्यभागी दुसरा छोटा शंकू जोडण्याची पद्धत वापरली. तिने वरचे स्वर सुधारले, तरी कोंडी पूर्णतः सुटली नाही.

आपल्या श्रवणविषयाच्या संदर्भात

कोणत्या प्रकारच्या ध्वनीला या मर्यादा बाधतात, हे पाहणे येथे आवश्यक आहे. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तानपुऱ्याच्या खर्जाची वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ असते. लहान स्पीकर ती नीट उमटवू शकत नाही. परंतु जवारीमुळे तानपुऱ्यात उपस्वर विपुल असतात आणि त्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर ओळखून घेतो. म्हणून खर्जाचे वजन कमी झाले तरी त्याचे स्थान हरवत नाही. तबल्याच्या दायाँमधील उपस्वर शाईमुळे सुरेल होतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. तेही एकल स्पीकरवर बऱ्यापैकी उतरतात. डग्ग्याचा घुमारा मात्र मुख्यतः खालच्या वारंवारतांत असतो आणि उपस्वरांचा तसा आधार त्याला नसतो. त्यामुळे तो क्षीण होतो. ढोलाचेही तसेच. याउलट खंजिरीच्या चकत्यांची आणि टाळांची किणकिण पुष्कळ वरच्या पट्टीत असल्याने बाजूला बसलेल्या श्रोत्यापर्यंत ती पोहोचत नाही.

उच्चारशिक्षणाच्या बाबतीत 'चार' आणि 'चारा' ही जोडी उद्बोधक आहे. पहिल्यातील च तालव्य, तर दुसऱ्यातील दंततालव्य आहे. लिपीत हा भेद दिसत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. दंततालव्य च मधील घर्षणाचा आणि स या वर्णाचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. मोठ्या शंकूचा एकल स्पीकर उंच फळीवर ठेवून खाली सतरंजीवर बसलेल्या विद्यार्थ्यांना पाठ ऐकविला, तर नेमका हाच भाग गळतो. विद्यार्थी मग अनवधानाने नव्हे, तर ऐकूच न आल्यामुळे चुकतो.

काही व्यावहारिक सूचना

खेड्यापाड्यांत मडक्याच्या तोंडावर स्पीकर ठेवून आवाज भरदार करण्याची युक्ती परिचित आहे. मडक्यातील हवा एका विशिष्ट वारंवारतेला अनुनाद देते. त्यामुळे तेवढाच स्वर फुगतो आणि प्रत्येक ठेका सारखाच घुमतो. मापात बनविलेली लाकडी पेटी अधिक सम परिणाम देते. उघडा स्पीकर मात्र वापरू नये. त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे तरंग परस्परांना मारक ठरून खालचे स्वर नाहीसे होतात.

घरातील दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ८ ते १० सेंटिमीटर व्यासाचा चांगला एकल स्पीकर भिंतीजवळ ठेवल्यास भिंतीच्या परावर्तनाने खालच्या स्वरांना आधार मिळतो. तो श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर, त्याच्याकडे तोंड करून आणि एक ते दीड मीटर अंतरावर असावा. फळीवरच ठेवणे भाग असल्यास तो खाली झुकवावा.

निष्कर्ष

१) भाषण, बातम्या, भावगीते आणि ख्यालगायन मध्यम आवाजात व जवळून ऐकण्यासाठी एकल स्पीकर ही तडजोड नसून योग्य निवड आहे.
२) डग्गा, ढोल, मोठा वाद्यवृंद किंवा अनेक श्रोते असतील, तेथे काम वाटून घेणारा बहुस्पीकर संचच उपयुक्त ठरतो.
३) उच्चारशिक्षणासाठी स्पीकरच्या संख्येपेक्षा शंकूचा आकार, दिशा आणि अंतर यांना अधिक महत्त्व आहे.

थोडक्यात, एकल स्पीकरचे गुण आणि दोष एकाच गोष्टीतून उद्भवतात आणि ती म्हणजे सर्व काम एकाच शंकूवर असणे. हे ध्यानात घेऊन निवड केल्यास ग्राहकाचा अनावश्यक खर्च टळेल. सीमाभागातील वर्गात तर केवळ स्पीकरचे तोंड विद्यार्थ्यांकडे वळविल्यानेही 'चार' आणि 'चारा' यांतील भेद शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचण्यास मोठी मदत होईल आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च येणार नाही.