पेन्शनीचा निवाडा कोणीं करावा? : मुंबईचे पोलीस व बंबवाले यांच्या कागदांच्या निमित्तानें

बालपरवेशीची सनद किंवा जुनें इनामपत्र हातीं आलें म्हणजे आमचे संग्राहक बंधु तें रेशमी रुमालांत बांधून ठेवितात. परंतु त्याच घरांतून निघालेलें पोलीस शिपायाचें अगर आगीच्या बंबावरील माणसाचें पेन्शनबुक मात्र रद्दींत जातें. हा भेद आम्हांस युक्त वाटत नाहीं. दोन्ही कागदांचा विषय एकच आहे. ज्यानें सार्वजनिक कामांत देह झिजविला किंवा ठेविला, त्याच्या मागें त्याच्या कुटुंबाचें काय, हा तो विषय होय. अशा कागदाचा अर्थ लावितांना रकमेकडे आधीं पाहूं नये. निवाडा करण्यास कोण बसला होता, व त्यास तेथें बसण्याचा अधिकार कोठून आला, हें प्रथम पाहावें. मुंबईपुरता या प्रश्नाचा उलगडा करण्याचा येथें विचार आहे.

या विवेचनास करी रोडचें ठिकाण सोईचें आहे. स्टेशनाच्या पश्चिमेस ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे पूर्वींच्या डिलाईल रोडवर, मुंबई सरकारच्या विकास खात्यानें १९२० नंतर बांधलेल्या ३२ बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांत गिरणी-कामगारांबरोबर पोलिसांचींही बिऱ्हाडें आलीं. अग्निशामक दलाचें मुख्य ठाणें भायखळ्यास, म्हणजे येथून जवळच. गिरणी-कामगार, पोलीस व बंबवाला असे तिघे या भागांत शेजारीं राहत असले, तरी तिघांच्या म्हातारपणाचा निवाडा तीन निराळ्या ठिकाणीं होत आला आहे.

प्रथम जुनी वहिवाट पाहूं. अफझलखानाच्या प्रसंगानंतर लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें, व ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांस निमें वेतन करून दिलें, असें सभासदानें नमूद केलें आहे. पेशवाईंत पडलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांस जी नेमणूक होई तीस बालपरवेशी म्हणत. ही देणगी हुजूरची असे व देणाराची मर्जी हेंच तिचें मूळ. घेणारास निवाड्याच्या जागीं स्थान नव्हतें. तथापि ज्याच्या हातीं अंमल, त्याच्याच एकट्याच्या हातीं हिशेब राहूं नये, अशी योजना त्या राज्यांत होती. मुजुमदार, फडणीस, सबनीस इत्यादि दरकदार हे सरकारचे नेमलेले असत, व मामलेदारास त्यांना स्वतःच्या अधिकारांत काढून टाकितां येत नसे. अंमलदारावर दाब ठेवणारीं अशीं माणसें असणें ही निवाड्याच्या शुद्धतेची पहिली अट होय. ती आमच्याकडे इंग्रजांनीं आणिली असें नव्हे.

इंग्रजी अंमलांत उलट दिशेनेंही पावलें पडलीं. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला जोर आला. ज्या सरकारचा इनाम खालसा करण्यांत लाभ, त्याच सरकारचे अंमलदार इनामदाराचा हक्क तपासूं लागले. पुढें १८७१ च्या पेन्शन कायद्यानें सरकारी पेन्शनीच्या व नक्त नेमणुकीच्या दाव्यांस दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद केला. कलेक्टरानें अगर तशाच अधिकाऱ्यानें दाखला दिला, तरच कोर्टानें दावा ऐकावा, अशी त्यांत तरतूद होती. त्याच कायद्यानें पेन्शन सावकाराच्या जप्तींतून मोकळी ठेविली, हें त्याचें श्रेय मान्य केलें पाहिजे. परंतु सावकारापासून रक्षण झालें तरी सरकारी अधिकाऱ्याच्या चुकीपासून रक्षण व्हावें कसें, हा प्रश्न राहिलाच.

आतां मुंबईकडे वळूं. येथें आग विझविण्याचें काम पूर्वीं पोलिसांकडेच होतें. १८६४ पासून १८८८ पर्यंत पोलीस कमिशनर असलेले सर फ्रँक सूटर यांच्या अमदानीच्या अखेरीपर्यंत दोन्ही कामांचा धनी बहुतेक एकच होता. १८८७-८८ च्या सुमारास बंबखाना म्युनिसिपालिटीकडे गेला, आणि १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें आगीपासून जीवित व मालमत्ता यांचें रक्षण करणें हें कॉर्पोरेशनचें कर्तव्य ठरलें. शाखा येथेंच फुटली. पोलीस प्रांतिक सरकारच्या तिजोरीचा राहिला, आणि बंबवाला शहराच्या करावर पोसला जाऊं लागला. पैसा जिकडून, निवाडाही तिकडून, हा नियम तेव्हांपासून दोहोंस लागूं झाला.

बंबवाल्याचा निवाडा कोणाकडे गेला तें पाहा. नोकरांच्या निवृत्तीनंतरचें पेन्शन, ग्रॅच्युइटी, आणि मृताच्या आप्तांस द्यावयाचा अनुकंपा-भत्ता यांच्या अटी ठरविणारे नियम करण्याचें काम १८८८ च्या कायद्यानें स्थायी समितीकडे सोंपविलें. त्या वेळीं या समितींत १२ सभासद असत. त्यांपैकीं ८ कॉर्पोरेशननें निवडलेले व ४ सरकारनें नेमलेले. म्हणजे कर देणाराचा प्रतिनिधि तेथें होता, सरकारचाही होता. बंबवाल्याचा मात्र नव्हता, आणि असूंही शकत नव्हता. कारण म्युनिसिपालिटीच्या नोकरास नगरसेवक होतां येत नाहीं, असा निर्बंध त्याच कायद्यांत आहे. आपल्याच वादांत आपण पंच होऊं नये, हें त्याचें उघड कारण. तें चुकीचें म्हणवत नाहीं. परंतु पैसा वांचविण्यांत ज्यास हित आहे तो पंच चालतो, आणि पैसा मिळण्यांत ज्यास हित आहे तो मात्र चालत नाहीं, ही तुला एका बाजूस झुकलेली आहे.

१९४४ च्या एप्रिलच्या १४ तारखेस व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला, व आग विझवितांना अग्निशामक दलाचीं ६६ माणसें कामास आलीं. अनुकंपा-भत्ता हा कोरडा शब्द नव्हे, हें त्या दिवसाचें स्मरण ठेवणारास निराळें सांगणें नको.

पोलिसाची गोष्ट याहून साधी, आणि म्हणूनच अधिक कठोर. त्याच्या पेन्शनीचा निवाडा करण्यास मंडळच नाहीं. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांप्रमाणें कचेरीचा प्रमुख कागद तयार करितो, महालेखापाल ते तपासून आज्ञा काढितात, आणि मुंबईंत अधिदान व लेखा कार्यालय पैसे देतें. मंडळ म्हणून त्याची गांठ पडते ती बहुधा वैद्यकीय मंडळाशीं, तीही शरीर निकामी झाल्यावर.

तिसऱ्या शेजाऱ्याची स्थिति मात्र वेगळी झाली. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधि कायद्यांत आरंभींच्या सहा धंद्यांत कापडधंदा होता. त्याच्या मध्यवर्ती विश्वस्त मंडळावर मालकांचे १० व कामगारांचे १० प्रतिनिधि घेण्याची तरतूद झाली. अशा रीतीनें गिरणींतील साचेवाल्यास आपल्या निधीच्या मंडळावर प्रतिनिधि मिळाला, पण त्याच चाळींतल्या पोलिसास व बंबवाल्यास तो मिळाला नाहीं.

इतर देशांत हा प्रश्न कसा सोडविला आहे? अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत गांवोगांव पोलिसांचीं व बंबवाल्यांचीं निरनिराळीं पेन्शन-मंडळें आहेत. प्रत्येकांत पांच जण : दोन नगराध्यक्षानें नेमलेले, दोन नोकरींत असलेल्यांनीं आपल्यांतून निवडलेले, व एक पेन्शनरांतून निवडलेला. इंग्लंडांत २०१३ च्या सार्वजनिक सेवा पेन्शन कायद्यानें अशा मंडळांवर मालकपक्ष व सभासदपक्ष यांची संख्या समान ठेविली. ज्याचें हित निवाड्यास बाधक होईल त्यानें मंडळावर बसूं नये, असें तेथेंही आहे. परंतु केवळ त्या योजनेचा सभासद असणें हें बाधक हित नव्हे, असें त्या कायद्यानें स्पष्ट लिहिलें. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म या एका वाक्यांत आहे.

आमच्या देशांत पेन्शनीचें स्वरूप मध्यंतरीं पालटलें. १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पेन्शन ही सरकारच्या मर्जीची देणगी नसून नोकराचा हक्क आहे. १९८२ च्या डिसेंबरच्या १७ तारखेस नकारा खटल्यांत निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत केलेला भेदही रद्द झाला. बालपरवेशीच्या काळीं देणाराच्या मर्जीचा विचार प्रधान होता, तेव्हां घेणारास स्थान नसणें समजूं शकतें. देणगीचा हक्क झाला, पण हक्काचा निवाडा करण्याच्या जागा मात्र पूर्वींच्याच राहिल्या, ही विसंगति आम्हांस दिसते.

संग्राहकांस यांतून उपयोगाची खूण सांगतों. करी रोड-लालबागकडचें पेन्शनबुक हातीं आलें तर शिक्का प्रथम पाहावा. महालेखापालाचा किंवा सरकारी तिजोरीचा असेल तर धनी सरकारी नोकर, आणि म्युनिसिपालिटीचा असेल तर तो शहराचा नोकर समजावा. बंबवाल्याच्या कागदाबरोबर स्थायी समितीच्या ठरावाची नक्कल सांपडल्यास ती वेगळी करूं नये, कारण निवाडा कोणीं केला तें तीच सांगते. अर्ज, नामंजुरी आणि पुन्हां केलेला अर्ज हे एकत्र ठेवावे. मंजुरीच्या कागदापेक्षां नामंजुरीचा कागद पुष्कळदां अधिक बोलतो.

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचें काम म्हाडानें हातीं घेतलें आहे. बिऱ्हाड हलवितांना पत्र्याची पेटी आधीं उघडली जाते व कागद आधीं टाकिले जातात. हयात माणसांचीं नांवें न छापतां, घरच्यांच्या संमतीनें, या कागदांच्या नकला आपल्या दप्तरांत घ्याव्या, अशी आमची वाचकांस विनंति आहे.